स्फोटाच्या टप्प्यातलं घर

अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टन शहराबाहेर, ब्रँडीवाइन नावाची एक छोटी नदी आहे. तिच्या काठावर बंदुकीची दारू बनवणाऱ्या जुन्या गिरण्या अजून उभ्या आहेत. प्रत्येक गिरणीला तीन बाजूंनी जाडजूड दगडी भिंती. नदीकडची चौथी बाजू मात्र हलकी, आणि छप्परही तसंच हलकं, नदीच्या दिशेने उतरतं. दारू उडालीच तर स्फोटाचा जोर पाण्याकडे जावा आणि शेजारची गिरणी वाचावी, म्हणून केलेली ही रचना. आत काम करणारा माणूसही अर्थातच त्याच दिशेने फेकला जायचा. स्फोटात गेलेल्या सोबत्याबद्दल ‘तो नदीपल्याड गेला’ असं तिथले कामगार म्हणत.

या गिरण्यांच्या अगदी वर, टेकडीवर, मालकाचं घर आहे. १८०३ मध्ये बांधलेलं. मालक म्हणजे एल्यूथेर इरेने ड्यूपॉन्ट. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या हाताखाली, फ्रान्सच्या सरकारी कारखान्यात, त्याने दारू बनवण्याचं तंत्र शिकून घेतलं होतं. राज्यक्रांतीत लाव्हाझिए गिलोटिनखाली गेला. ड्यूपॉन्ट कुटुंब कसंबसं वाचलं आणि १ जानेवारी १८०० रोजी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं. दोन वर्षांत इरेनेने ब्रँडीवाइनकाठी जमीन घेऊन काम सुरू केलं. आपल्याकडे रॉकफेलर आणि फोर्ड ही नावं जास्त परिचयाची आहेत, पण इतक्या पिढ्या एकाच धंद्याला धरून राहिलेलं घराणं अमेरिकेत विरळाच.

या घराण्याबद्दल लिहिणारे बहुधा दोन वाटांनी जातात. एक कर्तबगारीची: दारूपासून नायलॉनपर्यंत. दुसरी भानगडींची: भाऊबंदकी, चुलत भावंडांतली लग्नं, कोर्टकज्जे, अगदी खूनसुद्धा. दुसरी वाट वाचायला चटकदार आहे, पण चघळून झालं की हातात काही उरत नाही. मला या दोनशे वर्षांत एकच गोष्ट तपासावीशी वाटते. मालकाचं घर धोक्यापासून किती लांब होतं, आणि ते अंतर कसकसं वाढत गेलं? संपत्ती एका पिढीकडून दुसरीकडे बिनबोभाट उतरते. तिच्याबरोबर आलेली देणी मात्र वाटेत कुठेतरी गळून पडतात. ती अशी गळू द्यायची का, हा त्या कुटुंबाचा खासगी मामला नाही. कायद्याने ती गळू देऊ नयेत, असं माझं मत आहे.

पहिल्या दोन-तीन पिढ्यांत हे अंतर जवळपास नव्हतंच. मार्च १८१८ मध्ये मोठा स्फोट झाला, तीसहून अधिक माणसं गेली. टेकडीवरच्या घरालाही तडाखा बसला आणि इरेनेची बायको सोफी जबर जखमी झाली. गेलेल्या कामगारांच्या विधवांना कंपनीने पेन्शन दिली, राहती घरं त्यांच्याकडे ठेवली. तेव्हा असला कोणताही कायदा नव्हता. पण त्या बाया टेकडीखालीच राहत होत्या, रोज समोर दिसत होत्या. १८५७ मध्ये इरेनेचा मुलगा अलेक्सिस अशाच स्फोटात गेला. १८८४ मध्ये नातू लॅमॉट गेला, न्यू जर्सीतल्या रिपॉनो इथल्या कारखान्यात, नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या गिरणीत वरच्या माणसाने आधी स्वतः काम करून दाखवल्याखेरीज कामगाराने पाऊल टाकायचं नाही, असा त्या काळातला नियम कंपनी पुढे कितीतरी वर्षं अभिमानाने सांगत आली.

याचं फार कौतुक करायला नको. १८०२ ते १९२१ या काळात ब्रँडीवाइनकाठी २८८ स्फोट झाले आणि २२८ माणसं मेली. त्यातले बहुतेक ड्यूपॉन्ट नव्हते. आयर्लंडमधून पोटासाठी आलेले मजूर होते. मालक धोक्याजवळ राहिला तो स्वतःच्या निवडीने, आणि त्या बदल्यात सगळा नफा त्याचा होता. मजुराला निवड होती ती उपाशी राहण्याची. शिवाय मालकाच्या मर्जीवर मिळणारी पेन्शन म्हणजे हक्क नव्हे. मालक रागावला तर ती बंदही होऊ शकते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. जी चूक आपल्या घराच्या काचा फोडते, ती चूक माणूस लवकर सुधारतो. यासाठी तो सज्जन असण्याची गरज नसते.

१८९० मध्ये पुन्हा एक मोठा स्फोट झाला आणि टेकडीवरचं घर राहण्याजोगं उरलं नाही. कुटुंब तिथून हललं. काही काळ त्या घरात कामगारांचा क्लब चालत होता. पुढे १९२३ मध्ये घराण्यातल्याच एकाने ते विकत घेऊन मुलीला दिलं. पण तोवर गिरण्या बंद पडल्या होत्या, शेजारी फक्त नदी होती.

कुटुंब हललं त्याच सुमारास धंद्याचं रूपही बदललं. १९०२ मध्ये कंपनीचे प्रमुख युजीन वारले. उरलेल्या वडीलधाऱ्यांना कंपनी प्रतिस्पर्ध्याला विकून मोकळं व्हायचं होतं. दारूच्या आवारात हात काळे करून वाढलेला अल्फ्रेड आडवा आला आणि कोलमन व पियर या दोन चुलत भावांना घेऊन त्याने कंपनी घेतली. किंमत सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, आणि ती जवळजवळ सगळी रोख्यांच्या कागदावर. रोख रक्कम नाममात्र. कंपनीच्याच कमाईतून कंपनीची किंमत चुकती करायची, असा हा व्यवहार. पियर हिशेबात विलक्षण होता. दारू कशी बनते यापेक्षा कोणत्या खात्यात गुंतवलेल्या डॉलरमागे किती परत येतात, हे त्याला जास्त नेमकं कळायचं. आधुनिक कंपन्यांची हिशेबाची पद्धत घडवणाऱ्यांत त्याचं नाव घेतात ते उगीच नाही. दहा-बारा वर्षांत त्याने कोलमनचे शेअर गुपचूप उचलले. अल्फ्रेड कोर्टात गेला, हरला, आणि बाहेर पडला. अल्फ्रेडने आपल्या इस्टेटीभोवती भिंत घातली, तिच्या माथ्यावर काचांचे तुकडे बसवले. ते चोरांसाठी कमी आणि नातेवाइकांसाठी जास्त होते, असं डेलावेअरमध्ये गमतीने सांगतात.

मला या भांडणातलं कोण जिंकलं हे महत्त्वाचं वाटतं. दारूच्या आवारात राबलेला हरला. ताळेबंद वाचणारा जिंकला.

पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी वापरलेल्या स्फोटकांपैकी सुमारे ४० टक्के ड्यूपॉन्टने पुरवली. तो नफा कुठे गेला? अडीच कोटी डॉलर १९१७ च्या अखेरीच्या निर्णयाने जनरल मोटर्समध्ये गेले, आणि ही गुंतवणूक इतकी वाढली की १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवावी लागली. रंगांमध्ये गेले, कृत्रिम धाग्यांमध्ये गेले. कुटुंब राहायला गेलं बागांमध्ये. पियरने १९०६ मध्ये घेतलेली लाँगवूड बाग आज जगप्रसिद्ध आहे. तोडली जाणारी जुनी झाडं वाचवायला त्याने ती जागा घेतली होती, हेही खरं. १९३४ मध्ये सिनेटच्या समितीने पियर आणि त्याचे भाऊ इरेने व लॅमॉट (नावं पूर्वजांचीच, माणसं पुढच्या पिढीतली) या तिघांना बोलावून युद्धातल्या कमाईबद्दल विचारलं, आणि ‘मृत्यूचे व्यापारी’ हा शिक्का घराण्यावर बसला. तो इतका झोंबला की दुसऱ्या महायुद्धात प्लुटोनियमचा कारखाना उभारण्याच्या कामासाठी कंपनीने खर्चावर फक्त एक डॉलर नफा मागितला.

बागेतून कारखाना दिसत नाही, याचा अर्थ कळायचा तर डेलावेअर नदीच्या पलीकडच्या काठावर डीपवॉटरला जावं लागतं. थोरला लॅमॉट १८८४ मध्ये जिथे उडाला, ते रिपॉनो याच काठावर, थोडं वर. पेट्रोलमध्ये मिसळायचं शिसं, टेट्राएथिल लेड, १९२० च्या दशकात डीपवॉटरला बनू लागलं. हा पदार्थ कातडीतून शोषला गेला तर तत्काळ विषबाधा होते, हे १९२२ मध्येच पियरने भाऊ इरेनेला पत्रात कळवलं होतं. दोघे त्या थोरल्या लॅमॉटचे मुलगे. बाप गेला तेव्हा पियर १४ वर्षांचा होता आणि पाठची भावंडं त्यालाच ‘डॅड’ म्हणत. बाप कारखान्यात गेलेला, धोका नेमका माहीत असलेला, तरी उत्पादन सुरू झालं. काम करणाऱ्यांना भास होऊ लागले, नसलेले किडे ते हवेत झटकू लागले. कामगारांनी त्या इमारतीचं नावच ‘फुलपाखरांचं घर’ ठेवलं. आठ जण मेले. त्याच आवारात रंगांच्या विभागातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत होता. त्यामागचं रसायन दाखवून देणारा कंपनीचाच शास्त्रज्ञ विल्हेल्म ह्यूपर याला १९३७ मध्ये नोकरीवरून काढलं गेलं.

त्यांच्या आजोबांच्या पिढीने हेच केलं नसतं का? कदाचित केलंही असतं. मी पूर्वजांना चांगुलपणाचं प्रमाणपत्र देत नाही. पण आजोबांच्या खिडकीतून आठ मृत्यू दिसले असते, आणि त्या हवेत त्यांचीच मुलं वाढली असती.

इथे कुणी दानधर्माचा मुद्दा काढेल, आणि तो क्षुल्लक नाही. पियरने १९२० च्या दशकात डेलावेअरमधल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी ८० हून अधिक शाळा बांधून दिल्या, तेही राज्य सरकार त्या मुलांकडे ढुंकून बघत नसताना. अल्फ्रेडने १९२९ पासून राज्यातल्या गरीब म्हाताऱ्यांना खिशातून पेन्शन दिली, आणि सरकारने कायदा करेपर्यंत ती चालू ठेवली. मला या दोघांबद्दल त्यासाठी आदर आहे. पण शाळा डेलावेअरमध्ये झाल्या आणि फुलपाखरांचं घर न्यू जर्सीत होतं. दान कुणाला द्यायचं हे देणारा ठरवतो. देणं कुणाचं लागतो हे त्याला ठरवता येत नाही. एकातून दुसरं वजा करणं हा हिशेब मला पटत नाही.

हे अंतर वाढत वाढत गोव्यापर्यंत आलं. फोंडा तालुक्यातल्या केरी गावाच्या भूतखांब पठारावर थापर ड्यूपॉन्ट या कंपनीचा नायलॉन ६,६ चा कारखाना यायचा होता, टायरसाठी लागणारा धागा बनवायला. पठारावर पडणारं पाणी खालच्या झऱ्यांना, विहिरींना, कुळागरांना म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांना मिळतं, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत होतं. भोपाळला जेमतेम दहा वर्षं झाली होती. लोकांनी विचारलं की काही घडलं तर भरून देणार कोण, इथली कंपनी की अमेरिकेतली? आंदोलन चिघळलं आणि २३ जानेवारी १९९५ रोजी पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण मारला गेला. त्यानंतर कारखाना गोव्यातून गेला. केरीचे लोक विकासाच्या आड आले, असं तेव्हा अनेक शहाणे म्हणत होते. मला वाटतं, ब्रँडीवाइनच्या टेकडीवरचा मालक रोज ज्या प्रश्नासोबत जेवायला बसायचा, तोच प्रश्न केरीच्या लोकांनी विचारला होता. फरक इतकाच की उत्तर देऊ शकणारा माणूस हजारो मैलांवर होता, आणि तोही आता ड्यूपॉन्ट घराण्यातला राहिला नव्हता. १९६० च्या दशकानंतर घराण्यातलं कुणी कंपनीच्या अध्यक्षपदावर बसलं नाही. १९७० च्या दशकात कारभार पूर्णपणे पगारी व्यवस्थापकांकडे गेला. घराण्याकडे शेअर होते, आडनाव पाटीवर होतं.

पण सगळ्यात मोठा धडा वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गचा. टेफ्लॉन बनवताना वापरलं जाणारं सी-८ नावाचं रसायन तिथल्या कारखान्यात १९५१ पासून येत होतं. १९८१ मध्ये त्या विभागातल्या सात कामगार बायकांच्या बाळंतपणांपैकी दोन मुलांच्या डोळ्यांत दोष आढळला, तेव्हा कंपनीने बायकांना तिथून हलवलं. १९८४ मध्ये आसपासच्या पिण्याच्या पाण्यात हे रसायन सापडल्याचं कंपनीला कळलं होतं. वापर चालू राहिला. एका शेतकऱ्याच्या गायी पटापट मरू लागल्या आणि तो वकील शोधत फिरला, तेव्हा कुठे प्रकरण बाहेर आलं. २००५ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेशी कंपनीने १ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड केली. सुमारे ६९ हजार लोकांच्या रक्ताची तपासणी झाली आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या समितीने मूत्रपिंड व वृषणाच्या कर्करोगासह सहा आजारांशी सी-८ चा संभाव्य संबंध मान्य केला.

आता बघा काय झालं. जुलै २०१५ मध्ये ड्यूपॉन्टने टेफ्लॉनचा धंदा वेगळा काढून केमुर्स नावाची नवी कंपनी केली. तिच्या माथ्यावर सुमारे ४०० कोटी डॉलरचं कर्ज आणि प्रदूषणाची जुनी देणी. जाता जाता तिच्याकडूनच ड्यूपॉन्टने सुमारे ३९० कोटी डॉलरचा लाभांश घेतला. २०१७ मध्ये साडेतीन हजारांवर रुग्णांचे दावे ६७ कोटी डॉलरला मिटले. त्याच वर्षी ड्यूपॉन्ट आणि डाऊ एक झाल्या, २०१९ मध्ये तीन तुकडे झाले. डाऊ म्हणजे २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतलेली, आणि भोपाळचं काही आपल्याकडे आलेलं नाही असं सांगत आलेली कंपनी. २०१९ मध्ये केमुर्सने आपल्या जन्मदात्या कंपनीवरच दावा लावला: देण्यांचा आकडा मुद्दाम कमी दाखवून आम्हाला बुडायला सोडलं. घराण्यातल्या कुणी मुलाला असं घराबाहेर काढलं असतं तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कंपनीच्या बाबतीत याला पुनर्रचना म्हणतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मर्यादित दायित्व, म्हणजे गुंतवलेल्या पैशापुरतीच जबाबदारी, नसेल तर कुणी भांडवलच घालणार नाही, आणि पणजोबाच्या पापासाठी पणतूला जबाबदार धरणं हा न्याय नव्हे. पहिला भाग मला मान्य आहे; शंभर शेअर घेतलेल्या शिक्षकाचं घर जप्त व्हावं असं कुणीच म्हणत नाही. दुसऱ्या भागासाठी मात्र आपल्या जुन्या कायद्याकडे बघण्यासारखं आहे. स्मृतींनी पितृऋणाचा फार बारीक विचार केला होता. बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडायचं, आजोबांचं नातवाने फक्त मुद्दल, आणि पणजोबांचं पणतूने मालमत्ता हाती आली असेल तरच. जुगार आणि दारूपायीची कर्जं, न भरलेले दंड यांतून मुलगा मोकळा. पुढे मुंबई इलाख्यात १८६६ च्या हिंदू वारसांविषयीच्या कायद्याने हे आणखी सोपं केलं: वारसाने देणं लागायचं ते हाती आलेल्या मालमत्तेपुरतंच, पण ती मालमत्ता त्याने गैरवाजवी उडवली असेल तर तेवढ्यापुरता तो स्वतः जबाबदार. मुलाच्या धर्मकर्तव्यावर आधारलेलं ते बंधन २००५ च्या दुरुस्तीने संपलं, ते ठीकच झालं. मालमत्तेपुरती जबाबदारी हे तत्त्व मात्र अजून टिकून आहे, कारण ते न्यायाचं आहे.

सावकाराच्या कर्जासाठी जे आपण दीडशे वर्षांपूर्वी मान्य केलं, तेच विषारी पाण्यासाठी मान्य करायला काय हरकत आहे? दंड सोडा, स्मृतींनीही तो सोडला होता. नुकसानभरपाई मात्र कर्जच आहे. कंपनीचे तुकडे होतील तेव्हा प्रत्येक तुकडा हाती आलेल्या मालमत्तेइतका जुन्या नुकसानीला बांधलेला राहिला पाहिजे. वेगळं होण्याआधी उचललेला मोठा लाभांश परत मागता आला पाहिजे. अमेरिकेत धनकोंना बुडवण्यासाठी केलेले व्यवहार रद्द करून घ्यायला बहुतेक राज्यांत साधारण चार वर्षांची मुदत असते. कर्करोगाला वीस-तीस वर्षं लागतात. ही मुदत रोग कळल्याच्या दिवसापासून मोजली पाहिजे. आपल्याकडे १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी पूर्ण दायित्वाचं तत्त्व (चूक असो वा नसो, नुकसान उद्योगाने भरायचं) सांगितलं, पण ते उद्योग चालवणाऱ्याला लागू आहे. चालवणारी कंपनी विकली, विलीन झाली किंवा मुद्दाम पोकळ ठेवली, की पुढे काय, हे भोपाळच्या लोकांना विचारा. औद्योगिक वसाहतीत भूखंड देतानाच मूळ कंपनीची हमी लिहून घ्यायची अट घालायला नवा कायदाही लागत नाही.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. २०२३ मध्ये केमुर्स, ड्यूपॉन्ट आणि २०१९ च्या विभागणीतून निघालेली कॉर्टेव्हा, या जुन्या ड्यूपॉन्टच्या तिन्ही तुकड्यांनी मिळून पाणीपुरवठा संस्थांशी ११८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यू जर्सी राज्याने चार जागांसाठी ८७ कोटी ५० लाख डॉलर, २५ वर्षांत भरायचे, अशी तडजोड जाहीर केली. त्या चारांत डीपवॉटर आहे, आणि थोरला लॅमॉट जिथे मेला ते रिपॉनोही आहे. शुद्धीकरणाचा खर्च वेगळा. त्याशिवाय ४७ कोटी ५० लाखांचा एक राखीव निधी ठेवायचा, यांतली एखादी कंपनी पुढे दिवाळखोरीत गेलीच तर काम थांबू नये म्हणून. पंचवीस वर्षांनी ही नावं पाटीवर असतील यावर राज्याच्या वकिलांचा भरवसा नव्हता, आणि त्यांनी करार तसाच लिहून घेतला.